वाटीवालीचा हंगाम

साखर कारखान्याचा भोंगा झाला की आमच्या शहाद्याची हवा गोड होते. हे मी कवितेतलं बोलत नाही. डिसेंबरातल्या संध्याकाळी तोंड उघडं ठेवून गावातून एक चक्कर मारली, तर घरी येऊन चहात साखर घालावी लागत नाही. आमच्या गल्लीतल्या एका म्हाताऱ्याला डॉक्टरांनी गोड बंद केलं, तेव्हा त्याने हंगाम संपेपर्यंत श्वास अर्धाच घेतला आणि होळीनंतर उरलेला भरून काढला.

पण या गोडाच्या खाली आणखी एक वास असतो. पेटवलेल्या पाचटाचा, मळीचा, ओल्या मातीचा. दिवेलागणीला तो रस्त्यावर उतरतो. दोन्ही बाजूंना पुरुषभर ऊस, मधून ट्रॅक्टरची लाल बत्ती हळूहळू लांब जाते, आणि वारा नसतानाही उसाची पानं एकमेकांना काहीतरी सांगतात. तो वास आला की मला दोन गोष्टी एकदम होतात. भूक लागते आणि भीती वाटते. वीसेक वर्षं झाली, प्रत्येक हंगामात हेच. बायको म्हणते पित्त आहे.

यंदाही भोंगा झाला. त्याच आठवड्यात आमच्या ऑफिसच्या ग्रुपवर दुपारी चारला नेहमीचा प्रश्न पडला, ‘आज संध्याकाळचं काय?’ एकाने पिझ्झा लिहिला, दुसऱ्याने त्याला शिव्या लिहिल्या, तिसऱ्याने कळण्याच्या पुऱ्या आणि भरिताचा फोटो टाकला, जो तो दर मंगळवारी टाकतो. मी लिहिलं, ‘प्रकाशा रस्त्याच्या ढाब्यांवर जाऊ. स्वस्तात पोट भरेल.’ त्यावर आमच्या गावित मॅडम, नवापूरकडच्या, नुकत्याच बदलून आलेल्या, ग्रुपवर काही न लिहिता उठून माझ्या टेबलाशीच आल्या.

“सर, तिकडे नको. दिवे लागायच्या वेळेला तर नाहीच नाही.”

“का हो?”

“तिथे वाटीवाली आहे.”

माझ्या हातातला चहा असा हिंदकळला की तीन फायली कायमच्या निकाली निघाल्या. मॅडमना वाटलं सर घाबरले. घाबरलो होतोच, पण त्यांना वाटलं त्या कारणाने नाही. वाटीवालीला मी ओळखतो. तिला मीच जन्माला घातलंय.

तेव्हा आम्ही तिघं होतो. मी टायपिंगच्या क्लासला जात होतो, म्हणजे घरी तसं सांगत होतो. भटू जिनिंगमध्ये कापूस तुडवायचा. त्याच्या केसात, कानात, मिशीत कापूस असायचा, आणि शिंकला की उशी भरेल एवढा उडायचा. जग्या पोलीस भरतीसाठी पळायचा. तो सकाळी पळायला निघाला की तळोद्याची पहिली एसटी त्याला वाटेत हात दाखवून थांबवायची, असं मी लोकांना सांगत असे.

चार वाजता बसस्टँडच्या सिमेंटच्या बाकावर आम्ही जमायचो आणि संध्याकाळची चर्चा सुरू व्हायची.

“काय भो, आज संध्याकायले काय?” भटू विचारायचा.

“नंदुरबारले जाऊत,” जग्या म्हणायचा. “तठे खमन भेटस. तोंडमा ठेवताच इरघळी जास.”

“तू पयत जाशी. आम्ही कशावर येवानं?”

“सुरतले जाऊत,” मी म्हणायचो. “तठे एक हॉटेल शे. ताटमा इतल्या वाट्या ऱ्हातीस का मोजता मोजता गिऱ्हाईकले झोप लागी जास.”

“तू गयथा का?”

“मन्हा मामा गयथा.”

“तुन्हा मामाले सोताना वावरना रस्ता सापडत नही, आन तो सुरतले गया!”

असा तास जायचा. त्या तासात आम्ही अर्धा गुजरात आणि सगळा खानदेश खाऊन टाकायचो. फौजदारी डाळ, डुबुकवड्या, वरण-बट्टी, फाफडा. बोलण्यातल्या जेवणाला पैसे पडत नाहीत आणि ढेकरही येत नाही. शेवटी अंधारायला आलं की भटू खरा प्रश्न काढायचा.

“भाकरी कोन कितल्या लई उना?”

मग आम्ही आपापली फडकी दाखवायचो, आणि सायकली प्रकाशा गावाच्या रस्त्याला लागायच्या.

आमच्याकडे बाहेर जेवायची एक रीत होती. अजूनही कुठे कुठे आहे. भाकरी घरून बांधून न्यायची आणि हॉटेलात शेवभाजी तेवढी मागवायची. तिघांत एक. शेव एकदाच मिळते, रस्सा मात्र मागाल तितका, फुकट. शहरातल्या माणसाला हे सांगितलं तर तो विचारतो, हॉटेलवाल्याला परवडतं कसं? आम्ही कधी विचारलं नाही.

ते हॉटेल म्हणजे उसाच्या कडेला चार पत्रे आणि एक चूल. मागे हापसा, हापशामागे ऊस, उसामागे लांब तापी. चालवणारी बाई एकटीच, सिंधूमाय. नवरा होता की नव्हता, कुणाला माहीत नाही. हिरवं पातळ, पिवळे काठ, कपाळ कोरं, आणि देह इतका बारीक की ती आडवी वळली की फक्त पळी दिसायची. आवाज मात्र ट्रकच्या हॉर्नला ओव्हरटेक करणारा.

“शेव एकदाच भेटी. रस्सा पोट फुटेपावत ल्या.”

तो रस्सा! खोबरं-कांदा चुलीच्या निखाऱ्यात काळा होईस्तोवर भाजलेला, लसूण सालासकट ठेचलेला, वर बोटभर लाल तर्री. पहिला घोट घेतला की कानांतून अशी वाफ निघायची की शेजारच्याने तिच्यावर चहा ठेवावा. डिसेंबरच्या थंडीत आम्ही स्वेटर काढून ठेवायचो. जग्याला भरतीत छाती फुगवायची होती. तो म्हणायचा, ही त्या रश्श्याने आपोआप फुगते. भटू एका बैठकीला सतरा भाकरी खायचा. बरं, बारा. त्याच्या खाली मी येणार नाही.

बाकी सगळं पुसट झालंय, पण तिथला उजेड लख्ख आठवतो. पत्र्याला टांगलेला एक पिवळा बल्ब, त्याच्याभोवती किडे, आणि चुलीतल्या कापसाच्या पऱ्हाट्या तडतडल्या की उसाच्या पहिल्या रांगेवर उडालेला तांबडा प्रकाश. त्या रांगेपलीकडे काहीच दिसायचं नाही. पलीकडच्या वावरात ऊसतोडीची टोळी उतरलेली असायची. त्यांच्या पाचटाच्या कोप्यांमधून कधी खोकला यायचा, कधी तान्ह्याचं रडणं. माणसं दिसायची नाहीत. दिवसाही ती उसात आणि अंधार पडल्यावरही उसात. आम्ही त्या बाजूला पाठ करून बसायचो, कारण रश्श्याचं पातेलं या बाजूला होतं.

मग ट्रॅक्टरवाल्यांना त्या रश्श्याचा सुगावा लागला.

पहिल्या दिवशी दोन आले. तिसऱ्या दिवशी ट्रॉल्यांची रांग प्रकाशाच्या पुलापर्यंत, असं मी म्हणतो. भटू म्हणतो सहा होत्या. सहा ट्रॉल्यांची माणसं रस्सा काय ठेवतात? आम्ही पोचायचो तेव्हा पातेल्याचा तळ दिसायचा. सलग तीन संध्याकाळी आम्ही कांद्याशी भाकरी खाल्ली. तिसऱ्या संध्याकाळी सिंधूमायने पातेल्यात पाणी घालून, हलवून, आम्हाला तेच वाढलं. तिला त्यात आनंदच होता. धंद्याची बाई ती, पातेलं रिकामं झालं की तिचा चेहरा भरायचा. “दोन पातेलं कराले लागी आते,” ती म्हणाली, आणि नवीन पातेलं कुठे स्वस्त मिळेल हे आम्हालाच विचारलं.

भटूच्या डोळ्यांत पाणी होतं. तिखटाचं नव्हतं.

परत निघताना एक ट्रॅक्टरवाला रस्त्याकडेला चाकाची हवा बघत होता. मी सायकल थांबवली. का थांबवली, हे मला आजपर्यंत नीट सांगता आलेलं नाही. तोंडाला खाज, दुसरं काय.

“दादा, इथे जेवलात?”

“हा. काय रस्सा शे राजा!”

“ती आली नाही ना?”

“कोन ती?”

“वाटीवाली.”

पुढचं मला सुचवावं लागलंच नाही. जिभेवरून आपोआप आलं. दिवेलागणीला उसातून एक बाई येते. तोंड दिसत नाही. हातात जर्मनची वाटी. म्हणते, रस्सा दे. रस्सा दिला तर भाकरी मागते. भाकरी दिली तर ताट मागते. ताट दिलं तर हात मागते.

“हात?”

“जेवायला हात लागतो ना दादा.”

त्याने हवा बघायची अर्धवट सोडली आणि ट्रॅक्टर असा हाणला की चार ऊस मागे पडले. ते आम्ही खाल्ले. हसता हसता जग्या सायकलवरून पडला.

शहाद्यात सांगितलेली गोष्ट चौथ्या दिवशी खापरहून सुधारून परत आली. त्यात आता दोन माणसं आजारी पडली होती आणि एक बैल वेडा झाला होता. आठवड्यात ट्रॉल्या त्या पत्र्यांपुढून न थांबता, उलट जोर करून जाऊ लागल्या. मग शेतकरी थांबेनासे झाले. मग प्रकाशाला देवाला जाणारे. रस्सा पुन्हा आमचा झाला. पोट फुटेपावत. आम्ही पंधरा दिवस राजासारखे जेवलो, आणि मी दर संध्याकाळी वाटीवालीला एखादा नवा दागिना घालत होतो, कधी पायात वाळा, कधी उलटे पंजे.

सिंधूमायने दुसरं पातेलं आणलं होतं. ते पालथं पडून राहिलं. मग पहिलंही अर्धंच भरायला लागलं. हे आम्हाला दिसत होतं. दिसत नव्हतं असं म्हणायला मी तयार आहे, पण ते खोटं होईल, आणि खोट्याचा माझा कोटा याच रस्त्यावर संपलाय.

एका संध्याकाळी आम्ही तिघंच होतो. ती पळी घेऊन आमच्यापुढे उकिडवी बसली. आवाज एकदम खालचा.

“पोरेसहो, तुम्ही रोज येतस. लोके सांगतस ते खरं शे का? तुम्हले दिसनी का ती बाई?”

भटू माझ्याकडे बघायला लागला. जग्या भाकरीकडे. तेवढ्या एका श्वासात सगळं मिटवता आलं असतं. माय, भूतबित काही नाही, रश्श्यासाठी मी गंमत केली, उद्या गावभर फिरून सांगतो. दोन वाक्यं. पण चांगली रंगलेली गोष्ट मोडायला जी छाती लागते, ती मला नव्हती. जग्याचीही तेवढी फुगली नव्हती.

“हा, दिसनी ना माय,” मी म्हणालो. “कालदिन बी दिसनी.”

“कशी शे?”

काहीतरी भयानक सांगायचं होतं. उलटे पंजे तयार होते. पण तिच्या तोंडाकडे बघून ते निघेनात. निघालं ते भलतंच.

“भुकेली शे माय.”

ती उठली आणि उसाकडे बघत उभी राहिली. दुसऱ्या दिवसापासून हापशाजवळच्या दगडावर एक वाटी दिसायला लागली. रश्श्याने भरलेली, वर अर्धी भाकर झाकलेली. आम्ही बघितलं, कोपरांनी एकमेकांना ढोसलं, हसलो. पण त्या दिवसापासून जेवताना आमची पाठ गार पडायला लागली. मी तर भूत घडवणारा, मला कसली भीती? तरी मीच दोनदा वळून बघायचो.

होळी आली. ऊस संपला. टोळी रातोरात उठून गेली. सकाळी नुसती चुलींची काळी वर्तुळं आणि उघडं वावर. मला अक्कलकुव्याच्या पुढे नोकरी लागली, जग्या भरतीत निघाला आणि दूर गेला, भटू खरोखर सुरतला गेला. पुढच्या हंगामात मी त्या रस्त्याने गेलो तर पत्रे नव्हते. बाई लेकीकडे खापरला गेली, कुणीतरी म्हणालं. खापर काही अमेरिकेत नाही. अक्कलकुव्यापुढे, शहाद्याहून माझ्या रोजच्या वाटेवर होतं ते. गेल्या वर्षी शहाद्याच्या ऑफिसात बदली होईपर्यंत, एवढी वर्षं मी त्या गावातून एसटीच्या दुसऱ्या बाजूच्या खिडकीशी बसून जात आलो.

आणि आता गावित मॅडम मला माझीच गोष्ट सांगत होत्या. मी शेवटी विचारलं, “काय करते ती? हात मागते?”

“हात? नाही हो सर.” मॅडमना ते हास्यास्पद वाटलं. “हिरव्या पातळातली बाई वाटी भरून ठेवते. मग उसातून दुसरी येते. खाते. हापशावर वाटी धुते, पालथी ठेवते आणि जाते. माझ्या मावशीच्या नवऱ्याने सायकल थांबवून बघितलंय. आता तिथे काहीच नाही, तरी संध्याकाळी हापशाचा आवाज येतो म्हणतात.”

माझ्या गोष्टीत वाळे होते, पंजे होते, वेडा बैल होता. वाटी धुणारी नव्हती. हिरव्या पातळाची तर नव्हतीच. माझ्यामागे कुणीतरी त्या जित्या सिंधूमायलाही भुतात जमा केलं होतं, आणि दुसरी एक, जी मी बनवलेली नव्हती, तिथे येऊन जेवून गेली होती.

त्या संध्याकाळी मी कुणाबरोबर कुठे गेलो नाही. भटूला सुरतला फोन लावला.

“भो, आपण सिंधूमायचं हॉटेल बंद पाडलं रे.”

“आपन?” तो म्हणाला. “आपन नही. तू.” मग, “रस्सा मी बी खाधा, ते खरं शे,” म्हणाला आणि त्याने मुलांची शाळा, सुरतचं भाडं असलं काहीतरी काढलं.

रविवारी मी खापरला उतरलो. या खेपेला खरंच उतरलो. बाजारात एका मांडेवालीला विचारलं, तिने हात करून घर दाखवलं. अंगणात सिंधूमाय तुरीच्या शेंगा सोलत बसली होती. पूर्वीच बारीक, आता तर शेंगेतली शेंग. डोळ्यांवर हात धरून तिने बघितलं.

“कोन शे?”

“माय, प्रकाशाना रस्तावर तुन्हाकडे जेवाले येत व्हतूत, तिघं जन.”

“हां. त्यामधला बडबड्या तू. ते दोन्ही मुकाट जेवेत, तू बोली बोली जेवे.” तिने शेंगा माझ्याकडे सरकवल्या. मीही सोलायला लागलो. हाताला काम मिळालं ते बरं झालं.

मी सांगितलं. सगळं, एकही वाळा न घालता. वाटीवाली मी बनवली, रस्सा आम्हाला पुरून उरावा म्हणून. तू विचारलंस तेव्हाही खोटं बोललो. तुझं हॉटेल माझ्यामुळे गेलं.

तिने एक शेंग पुरी सोलली, दाणे परातीत टाकले.

“तू कशी बनाडशी तिले? तिले मी जेवाडेल शे.”

“वाटी कुत्रं चाटी जात व्हई, माय.”

“कुत्रं वाटी धुईसन पालथी ठेवस का?”

मी न सोललेली शेंग परातीत टाकली. 

“टोळीमधली व्हती ती,” सिंधूमाय म्हणाली. “लेकरू काखमा. उसतोडवाली. मी चूलजोगे लपीसन दखी व्हती. माले काय समजत नही का? भूतले काय भूक लागस?”

“मंग लोकेसले सांगं काबर नही? हॉटेल वाची जातं.”

“सांगती तं ती येती का?” तिने माझ्याकडे येड्याकडे बघावं तसं बघितलं. “लाजनी मारी मरी जाती. भूतले कोनी इचारत नही, तू कोनी, कोना गावनी, काबर मांगस. भूत शे म्हनीसन तिले येता येत व्हतं. येऊ दिधं मी.” तिने पुढची शेंग उचलली. “मंग टोळी गयी. ती बी गयी. गिऱ्हाईक नही आन ती बी नही. कोनासाठी रांधतू?”

अंगणात सावली आली होती. आत लेकीने दिवा लावला. मी म्हणालो, “माय, मन्ही चूक माफ कर.”

“ते तुन्हं तू ठेव,” ती म्हणाली. राग नव्हता. शेंगेचं साल बाजूला टाकावं तसं म्हणाली. “मन्हं नवं पातेलं कोरंच मोडमा गयं. ते माले आजूक याद येस. पन एक काम कर. तू आजूक बी लोकेसले सांगस व्हई ना, ती आशी मांगस, तशी मांगस?”

“आते नही सांगत, माय.”

“सांग. पन नीट सांग. ती मांगे नही. एकदाबी मांगी नही तिनी. उभी राहे. बस.”

परतीच्या एसटीत मी एवढी वर्षं टाळलेल्या बाजूच्या खिडकीशी बसलो. बाहेर ऊस होता, मध्ये मध्ये कोप्या, एकेका कोपीपुढे चूल, आणि चुलीपुढे बाया. उजेड त्यांच्या हातांपर्यंत पोचत होता, तोंडांपर्यंत नाही. दुसऱ्या दिवशी ऑफिसात मी खरी गोष्ट सांगितली. कुणाला पटली नाही. गावित मॅडम म्हणाल्या, “सर, तुम्ही रंगवून छान सांगता.” तोंडी सांगून माझं काही खरं होत नाही, हे मला कळलं. म्हणून लिहून ठेवतोय. यातलं बाकीचं सगळं तुम्ही निम्म्याने कमी करून घ्या, माझ्या घरचेही तसंच करतात. एवढं मात्र कमी करू नका. तिने मागितलं नव्हतं.